जज्जसाहेबांच्या दाताचं माप

हलिमा मुकादमला अरबी येत होतं, पण ते सगळं दातांचं. तोंड उघडा, थुंका, इथे दुखतं का, हा उपटावा लागेल, उद्या या. चार वर्षं ती जेद्दाच्या शराफियात डॉक्टर अदनान यांच्या दवाखान्यात मदतनीस होती, आणि एवढ्या शब्दांवर तिचं झकास चाललं होतं. बाजारात भाजीवाल्याशी घासाघीस करतानासुद्धा ती "इथे दुखतं का?" असं विचारायची आणि भाजीवाला हसून चार कोथिंबिरीच्या काड्या जास्त टाकायचा.

साल होतं एकोणीसशे ऐंशी. तेलाच्या पैशानं शहर असं वाढत होतं की आठवड्यापूर्वीची गल्ली ओळखू येत नसे. हलिमाचा नवरा याकूब बंदरात क्रेन चालवायचा. चिपळूणचं हे जोडपं शराफियातल्या एका इमारतीत दुसऱ्या मजल्यावर राहायचं. तिसऱ्या मजल्यावर आमिना नावाची सुदानी शिक्षिका होती. उंच, मोठ्या आवाजाची, आणि हिंदी सिनेमे पाहून पाहून कामापुरतं हिंदी बोलणारी.

मधुमती गायधनी ही नाशिकची नर्स, एका खासगी इस्पितळात होती. अक्कलदाढ काढायला दवाखान्यात आली आणि हलिमाची मैत्रीण होऊन गेली. "अक्कल इथंच ठेवून चाललेय, सांभाळ," असं गालावर बर्फ धरून म्हणाली होती. अक्कल गेली तरी तिची एक खोड काही गेली नाही, ती म्हणजे अर्ज लिहिण्याची. कुणाची कामाची पाळी बदलून हवी, कुणाला चष्म्यासाठी डॉक्टरकडे जायचंय, कुणाच्या खोलीतला पंखा फिरत नाही, सगळ्यांचे अर्ज मधुमतीच्या हातचे. इस्पितळात भारतातल्या अकरा आया होत्या. त्या तिला बाई म्हणायच्या आणि कागद दिसला की तिच्याकडेच आणायच्या, मग तो साबणाचा कागद का असेना.

त्या इस्पितळाच्या वसतिगृहाला एक रीत होती. पाळी संपून बायका आत गेल्या की बाहेरून कुलूप. सगळ्यांचे पासपोर्ट आणि इकामे, म्हणजे राहण्याचे परवाने, व्यवस्थापकाच्या तिजोरीत. त्याला सगळे मुदीर म्हणत. कराडकडची ठकूबाई नावाची आया होती. तिची आई अंथरुणाला खिळली होती, आणि तिनं तीन वेळा रजा मागितली, तीन वेळा मुदीरनं मान हलवली. तेव्हा मधुमतीनं अर्ज लिहिला. रजा द्या, कुलूप काढा, इकामे ज्याचे त्याच्याजवळ राहू द्या. खाली अकरा अंगठे. एक प्रत मुदीरला, एक मजूर खात्याला, एक आपल्या वकिलातीला.

दुसऱ्याच दिवशी मधुमतीची ड्यूटी बंद झाली. ही बाई आयांना भडकवते, असं कागदावर आलं, आणि तिला वसतिगृहाच्या खोलीत बसवून ठेवलं. बाहेर पडायचं नाही, फोन नाही. काम नाही, आणि घरी जायचं तर पासपोर्टही नाही.

हलिमाला हे कळलं ते ठकूबाईकडून. गुरुवारी इस्पितळाची बस आयांना तासभर शराफियात खरेदीला सोडायची. ठकूबाई खरेदी सोडून धापा टाकत दवाखान्यात आली.

"हलिमाताई, बाईस्नी कोंडून घातलंय. पंधरा दिस झालं. माझ्या रजेपायी झालं हे सगळं."

"जेवायला देतात का?"

"देत्यात की. पर जेवनार किती? खिडकीत बसत्यात आन् रस्त्यावरच्या गाड्या मोजत्यात. काल म्हनल्या, ठके, आज तेराशे."

हलिमा त्या दिवशी घरी आली ती थेट तिसऱ्या मजल्यावर गेली. आमिनाची बहीण खार्टूममध्ये वकील आहे, एवढं तिला माहीत होतं. आमिनानं सगळं ऐकून घेतलं, दोन वेळा टेबलावर हात आपटला, आणि मग सांगितलं ते असं: तिच्या बहिणीचं महिला वकिलांचं एक मंडळ होतं. दुसऱ्यांसाठी बोलायला गेल्यामुळे जी माणसं अडकतात त्यांना सोडवायचं, हेच त्यांचं काम. अरब देशांची मिळून हक्कांविषयी एक समिती होती आणि त्या समितीत या मंडळाला खुर्ची होती.

"मागच्या रांगेत," आमिना म्हणाली. "बोलायचं नाही. पण कागद ठेवता येतो."

आमिनानं बहिणीला पत्र टाकलं. मंडळानं मधुमतीसाठी समितीच्या छापील नमुन्यावर कागद तयार केला, एक प्रत आमिनाला धाडली आणि मूळ कागद समितीच्या मुख्य कचेरीत पाठवला. दहा दिवस उत्तर नाही. पुन्हा पाठवला. पुन्हा काही नाही. आणि मग एका सकाळी आमिना पेपर फडकवत जिन्यावरून दोन-दोन पायऱ्या उतरत आली. समितीची बैठक जेद्दातच होती! समुद्राकाठच्या मोठ्या हॉटेलात, पाच दिवस.

दोघी बुरखे चढवून टॅक्सीनं हॉटेलात गेल्या. काउंटरवरचा माणूस अतिशय सभ्य होता. त्यानं त्यांना थंड सरबत दिलं, लग्नाचं स्वागत शुक्रवारी आहे असं सांगितलं, आणि आपण लग्नाला आलेलो नाही हे दोघींनी स्पष्ट केल्यावर तितक्याच सभ्यपणे टॅक्सी बोलावून दिली. सरबत छान होतं, एवढंच पदरात पडलं.

पण त्या हॉटेलात प्रत्येक कॉफीबरोबर खजूर यायचा, आणि खजुरात बी असते. बैठकीच्या तिसऱ्या दिवशी सकाळी अकराच्या सुमारास हॉटेलची गाडी डॉक्टर अदनान यांच्या दवाखान्यासमोर थांबली. हॉटेलच्या पाहुण्यांचे दात याच दवाखान्यात यायचे, तसा करारच होता. गाडीतून एक ठेंगणे, पांढऱ्या मिशांचे गृहस्थ तोंडावर रुमाल धरून उतरले. ट्युनिसचे निवृत्त जज्ज. समोरचा दात अर्धा तुटलेला. आणि कोटावर समितीचा बिल्ला, तोच, जो आमिनाच्या बहिणीनं पाठवलेल्या कागदाच्या डोक्यावर छापलेला हलिमानं पाहिला होता.

हलिमाच्या हातातली चिमट्यांची थाळी खणखणली. डॉक्टर अदनाननी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं.

दात पाहून डॉक्टर म्हणाले, माप घ्यावं लागेल, तात्पुरती टोपी उद्या बसवू. माप घ्यायचं म्हणजे गुलाबी लगदा पत्र्याच्या साच्यात भरून तोंडात दाबून धरायचा. चार मिनिटं ओठ हलवायचे नाहीत, जीभ हलवायची नाही. साचा धरायचं काम हलिमाचं. तिनं तो बसवला, आणि तेवढ्यात आतल्या खोलीत फोन वाजला. डॉक्टर उठून गेले.

चार मिनिटं. हलिमाच्या मनात आलं, हा माणूस आता पळू शकत नाही आणि मला गप्पही करू शकत नाही. असा जज्ज पुन्हा कुठे मिळायचा? तिनं मनातल्या मनात अल्लाचं नाव घेतलं आणि येत होतं तेवढं अरबी बाहेर काढलं.

"साहेब, हलू नका. माझी मैत्रीण. नर्स. चांगली, किडलेली नाही. तिनं अर्ज लिहिला, दुसऱ्या बायकांसाठी. मुदीरला दुखलं. फार दुखलं. तिचं काम उपटलं. पासपोर्ट उपटला. खोलीत बंद. दार बंद, तोंड बंद. दीड महिना. मुदीरला सांगितलं, उघडा. तो म्हणतो, उद्या या."

जज्जसाहेबांचे डोळे आधी विस्फारले. मग भुवया वर गेल्या. "पासपोर्ट उपटला" ला मिशा थरथरल्या. "उद्या या" ला मात्र त्यांना राहवेना. पोटातून हसू उसळलं आणि साच्याच्या कडेनं गुलाबी लगदा मिशीवर आला. माप पार बिघडलं.

"हलले?" दारातून डॉक्टर अदनाननी विचारलं. ते केव्हा येऊन उभे होते कुणास ठाऊक. "पुन्हा घे, हलिमा. सावकाश घे. माझा फोन अजून चालू आहे." आणि पुन्हा आत गेले. आतून कुणाशी बोलल्याचा आवाज काही येईना.

दुसरी चार मिनिटं मिळाली. या वेळी हलिमानं नाव सांगितलं, ठकूबाईच्या आईचं सांगितलं, अकरा अंगठे सांगितले, खार्टूमच्या मंडळानं दोनदा पाठवलेले कागद सांगितले. आता जज्जसाहेब हसत नव्हते. बोटांनी त्यांनी विचारलं: दोन? दोन कागद? हलिमानं दोन बोटं दाखवली. त्यांनी डोळे मिटून घेतले.

तोंड धुऊन झाल्यावर ते पहिल्यांदा बोलले. हळू, सोप्या अरबीत, लहान मुलाला सांगावं तसं.

"बेटी, ते कागद कुठल्यातरी टेबलाखाली असतील. आणि समिती एकट्या माणसाची तक्रार घेत नाही. नियमच तसा आहे. मी घेऊ शकत नाही."

हलिमाचा चेहरा पडला. हातातला साचा ती उगीचच पुसत राहिली.

"पण," जज्जसाहेब म्हणाले, "खुर्ची असलेलं मंडळ बैठक चालू असताना प्रश्न ठेवू शकतं. तक्रार नाही, प्रश्न. उद्या दुपारी बारापर्यंत. मंडळाची संमती लेखी हवी, आजच्या तारखेची. उद्या अकराला मी दातासाठी येईन, तेव्हा आमचा चिटणीस बरोबर असेल. शिक्का त्याच्या खिशात असतो." मग जाता जाता दारात थांबून म्हणाले, "आणि उद्याच. पाहुणे घरात असेपर्यंत यजमान घर झाडून ठेवतो. पाहुणे गेले की झाडू कोपऱ्यात."

लेखी संमती खार्टूमहून उद्या अकराच्या आत जेद्दाला? टपालाला आठवडा लागायचा. आमिनानं शाळेतून फोन लावायचा प्रयत्न केला. लाइन मिळाली तर आवाज येत नव्हता, आणि आवाजावर शिक्का मारता येत नाही. हवा होता टेलेक्स, म्हणजे इकडे टाइप केलेलं तिकडे छापून निघणारं यंत्र. ते होतं बंदरातल्या जहाज कंपन्यांकडे, आणि बंदरात होता याकूब.

याकूब दुपारी घरी जेवायला आला, तेव्हा हलिमानं भातावर मासळीचं कालवण वाढलं, वर तळलेला तुकडाही ठेवला. याकूबनं ताटाकडे पाहिलं आणि हात आखडला.

"काय पायजे?"

"आधी जेवा तर."

"हलिमा, तळलेला तुकडा म्हंजे काम मोठं हाय."

तिनं सांगितलं. याकूब ऐकता ऐकता जेवायचा थांबला. "बघ, आपण हितं पोटासाठी आलोय. माझा कफील, ज्यानं व्हिसा दिला तो, भला माणूस हाय, पण अशा भानगडीत नाव आलं तर तो तरी काय करंल? मधुमती चांगलीच हाय, माझं तिच्याशी वाकडं नाय. पण वकिलात हाय ना? ते बघतील."

"त्यांचंही उत्तर नाही आलं अजून."

"मग आपण कोण लागून गेलो?"

हलिमा पाण्याचा तांब्या सरकवत सहज म्हणाली, "पंखा बंद पडलाय म्हणे तिच्या खोलीतला. वायर जळाल्याचा वास येतो. आणि बाहेरून कुलूप."

याकूबचा घास हातातच राहिला. "बाहेरून?"

"हो."

"रोज? सगळ्या बायकांना?"

"पाळी संपली की."

"आणि आग लागली तर?"

हलिमानं खांदे उडवले. याकूबनं ताट बाजूला सारलं. मग म्हणाला, "आमच्या धक्क्यावर सोमालियाच्या मेंढ्या उतरतात. हजारांनी. त्यांच्या कुंपणाला पण दोरी बांधतात, कुलूप नाय लावत. माहित्येय का? आग लागली तर सोडता यायला पायजेत म्हणून." त्यानं हात धुतले. तुकडा तसाच राहिला. "कागद दे. काय टाइप करायचं ते नीट लिहून दे."

बंदरातल्या एका जहाज एजंटाच्या कचेरीत गुहागरचा भिकू टेलेक्सवर बसायचा. पोर्ट सुदानच्या एजंटाशी त्याचं रोजचं बोलणं, कुठलं जहाज कधी निघालं, कधी लागणार. याकूबनं कागद पुढे ठेवला. भिकूनं वाचला आणि विचारलं, "यात जहाज कुठाय, याकूबभाई?"

"मधुमती नावाचं जहाज समज. अडकलंय. सोडवायचंय."

भिकूला एवढं पुरलं. संदेश पोर्ट सुदानला गेला, तिथल्या एजंटानं खार्टूमला फोन करून आमिनाच्या बहिणीला वाचून दाखवला, आणि दिवस मावळायच्या आत मंडळाच्या अध्यक्षबाई सह्यांच्या टिपणासह खार्टूमच्या तारघरात जाऊन बसल्या. इकडे आमिना आणि हलिमा स्वयंपाकघरात प्रश्न लिहायला बसल्या. आमिना अरबीत लिहायची, हलिमा तपशील सांगायची, मध्येच कोळंबी निवडायची. एका ठिकाणी आमिनाचं पेन थांबलं.

"ही बाई कोण, असं लिहायला लागेल. नर्स नाही. या अकरा जणींची ती कोण? आम्ही म्हणतो मुदाफिआ. बचाव करते ती. तुमच्यात काय म्हणतात?"

हलिमानं कोळंबी खाली ठेवून विचार केला. "कैवारी," ती म्हणाली. मग तिला हसू आलं. "मधुमतीला सांगितलं तर म्हणेल, कसली कैवारी, मला फक्त अर्ज लिहिता येतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेदहा वाजले तरी टेलेक्सचा पत्ता नाही. अकराला पाच मिनिटं असताना जज्जसाहेब आले. मागे काळ्या बॅगेवाला चिटणीस. डॉक्टर अदनाननी टोपी बसवायला घेतली. टोपी बसली. हलिमानं डॉक्टरांकडे पाहिलं. डॉक्टर म्हणाले, "थोडी उंच वाटते का, साहेब?"

"नाही, उत्तम आहे."

"मला वाटते," डॉक्टर म्हणाले. टोपी काढून ते घासत बसले. पुन्हा बसवली. पुन्हा त्यांना उंच वाटली. तिसऱ्यांदा घासली तेव्हा ती टोपी इतकी गुळगुळीत झाली होती की तीत तोंड दिसलं असतं.

अकरा वाजून पंचेचाळीस मिनिटांनी बाहेर डॅटसनचे ब्रेक किंचाळले. याकूब क्रेनवरच्या हेल्मेटसकट आत आला. हातात टेलेक्सचा लांबलचक कागद, खाली मंडळाचं नाव आणि अध्यक्षबाईंचं नाव. हलिमानं तो आमिनाच्या कागदाला टाचणीनं जोडला आणि चिटणिसापुढे धरला. चिटणिसानं दोन्ही कागद वाचले. एकदा जज्जसाहेबांकडे पाहिलं. ते आरशात आपला नवा दात पाहण्यात गुंग होते. चिटणिसानं खिशातून शिक्का काढला, फुंकर मारली आणि ठप्पकन मारला. हलिमानं उभ्या आयुष्यात इतका गोड आवाज ऐकला नव्हता.

समितीनं मधुमतीला सोडा असं कुणालाही सांगितलं नाही. तेवढी ताकद तिच्यात नव्हतीच. तिनं फक्त तीन ओळींचा प्रश्न यजमानांच्या माणसापुढे ठेवला: दुसऱ्यांसाठी अर्ज लिहिणारी ही नर्स कुठे आहे, कुठल्या कायद्यानं आहे, आणि बैठक संपायच्या आत कळवाल का? यजमानांच्या माणसानं खात्याला फोन केला, खात्यानं इस्पितळाला, आणि आपल्या वसतिगृहाचं नाव सातासमुद्रापलीकडच्या जज्जांच्या टेबलावर आहे हे मुदीरच्या कानावर गेलं.

त्यानं मधुमतीला कचेरीत बोलावलं, कॉफी दिली. तिनं ती प्यायली, कारण दीड महिन्यात बरी कॉफी मिळाली नव्हती. मग तो म्हणाला, "सिस्टर, गैरसमज झाला. उद्यापासून कामावर या."

"ठकूबाईची रजा?"

"मंजूर."

"कुलूप?"

"काढतो."

"इकामे?"

मुदीर घुटमळला. "इकामे देतो. पासपोर्ट नियमानं इथेच राहतील."

"ठीक आहे. त्याचा वेगळा अर्ज करते," मधुमती म्हणाली.

"अजून अर्ज?"

"लिहून तयार आहे. मला वेळ खूप होता, मुदीरसाहेब."

पासपोर्टाचं मात्र जमलं नाही. तो अर्ज कुठेतरी अडकला तो अडकलाच. आणि वर्षाअखेरीस मधुमतीचा करार काही वाढवला गेला नाही, हेही सांगायला हवं. ती नाशिकला परत गेली आणि तिथल्या एका इस्पितळात लागली. ठकूबाई मात्र त्याच आठवड्यात विमानात बसली. आई तिला ओळखत होती, तिच्या हातचं जेवली, आणि लेक जेद्दाला परतल्यावरही दोन वर्षं तिला पत्रातून शिव्या घालण्याइतकी ठणठणीत राहिली.

पण सुटकेनंतरचा पहिला शुक्रवार. मधुमती हलिमाकडे जेवायला आली, तीन वाट्या सोलकढी प्यायली आणि म्हणाली, "चला, चालायला जाऊ." मधुमती, हलिमा, आमिना तिघी समुद्राकाठी गेल्या आणि मधुमती चालायला लागली. चालली म्हणजे चाललीच. कारंजं मागे गेलं, बोटींचा धक्का मागे गेला, आइस्क्रीमवाला मागे गेला. आमिनाच्या मोठ्या ढांगासुद्धा पुरेनात. हलिमाच्या चपलेचा अंगठा तुटला, तशी ती चप्पल हातात घेऊन फरफटत निघाली. याकूब मागून डॅटसन माणसाच्या चालीनं चालवत होता, आणि त्याच्यामागे दहा गाड्या हॉर्न वाजवत होत्या.

"मधुमतीबाई!" खिडकीतून डोकं काढून तो ओरडला. "पोलीस मला धरतील आता! बसा गाडीत!"

"तुम्ही व्हा पुढे, याकूबभाई," मधुमती मागे न बघता म्हणाली. तिच्या पदराला समुद्राचं वारं लागलं होतं. "एवढा पुढचा दिव्याचा खांब बघते आणि वळते."

त्या खांबाच्या पुढे अजून बरेच खांब होते.